धानाच्या बांधीवरची बटू पाकोळी : वर्गीकरण, ओळख आणि उपयोग



गोंदिया जिल्ह्यातील गावांमध्ये धान पिकावरील किडींबाबत चर्चा चालू असताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, घराच्या कवेलूखाली वटवाघळं राहतात. बागेतले पेरू तीच खातात. धूर करून हाकलली, तर चालेल काय?" प्रश्न साधा आहे, पण त्यात दोन वेगळे प्राणी एकच समजले गेले आहेत. पेरू खाणारे वटवाघूळ कवेलूखालच्या अरुंद फटीत राहत नाही आणि कवेलूखाली राहणारी लहान पाकोळी पेरूला तोंडही लावत नाही. एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होते आणि त्यात नुकसान आपले होते. म्हणून या लेखात कीटक खाणाऱ्या लहान पाकोळीचे वर्गीकरण, तिची शरीररचना व ओळखीच्या खुणा यांची माहिती देत आहोत.

वर्गीकरण कशासाठी?

धानाचे उदाहरण घेऊ. साकोली-६ किंवा पीकेव्ही एचएमटी ही वाणांची नावे झाली. या सर्व वाणांची जाती एकच, 'सटायव्हा'. प्रजाती 'ओरायझा' आणि कुल गवताचे. वाण ठाऊक असला की कालावधी, खत आणि रोगाला बळी पडण्याचा धोका यांचा अंदाज येतो. प्राण्यांचेही तसेच आहे. जाती ठाऊक झाली की तो काय खातो, कुठे राहतो आणि आपल्या कामाचा आहे की नाही, हे कळते.

वटवाघूळ उडते, परंतु तो पक्षी नाही. ते पिलांना जन्म देते, दूध पाजते आणि त्याच्या अंगावर केस असतात. म्हणून त्याचा समावेश सस्तन वर्गात होतो. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणारे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली वटवाघळांना माकडांच्या गणात बसविले होते. पुढे १७७९ साली ब्लूमेनबाख यांनी त्यांच्यासाठी 'कायरोप्टेरा' हा स्वतंत्र गण केला. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'हाताचे पंख असलेले' असा होतो. जगात या गणाच्या १४०० हून अधिक जाती आज ज्ञात आहेत.

आपल्या लहान पाकोळीचे स्थान पुढीलप्रमाणे आहे.

वर्ग : सस्तन
गण : कायरोप्टेरा
कुल : व्हेस्परटिलिओनिडी (सांजवेळी उडणारी वटवाघळे)
प्रजाती : पिपिस्ट्रेलस
जाती : टेनुइस

'पिपिस्ट्रेलो' हा वटवाघळासाठीचा इटालियन शब्द आहे. 'टेनुइस' या लॅटिन शब्दाचा अर्थ सडपातळ. या जातीचे वर्णन टेमिंक यांनी १८४० साली केले. आपल्याकडील पाकोळीला मात्र १८९९ साली राउटन यांनी 'पिपिस्ट्रेलस मायमस' असे वेगळे नाव दिले. राउटन हे मुंबई इलाख्यातील वन अधिकारी. त्यांनी वर्णन केलेला नमुना डांग भागातील म्हेसकात्री येथील होता. हा भाग आता गुजरातमध्ये आहे. पुढे मायमस ही टेनुइसचीच उपजाती मानली गेली. काही अभ्यासक आजही तिला स्वतंत्र जाती समजतात. त्यामुळे पुस्तकात दोन्हींपैकी कोणतेही नाव आढळल्यास गोंधळून जाऊ नये. या लेखात आपण तिला 'बटू पाकोळी' म्हणू.

पूर्वी वटवाघळांचे मोठी (फळे खाणारी) आणि लहान (कीटक खाणारी) असे सरळ दोन भाग केले जात. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनंतर ही विभागणी बदलली आहे, कारण कीटक खाणारी काही कुले फळे खाणाऱ्यांची जवळची नातेवाईक निघाली. परंतु शेतकऱ्याच्या कामापुरती 'फळे खाणारी' व 'कीटक खाणारी' ही विभागणी अजूनही सोयीची आहे.

शरीररचना

१) आकार : बटू पाकोळी ही भारतातील सर्वांत लहान वटवाघळांपैकी एक आहे. डोके व धड मिळून लांबी साधारण ३.५ ते ४.५ सें.मी., म्हणजे जवळपास अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. वजन २ ते ४ ग्रॅम.

२) पंख : पंख म्हणजे हाताची लांबलेली बोटे आणि त्यांमध्ये ताणलेली पातळ कातडी. अंगठा मोकळा असून त्याला नखी असते. तिच्या साहाय्याने पाकोळी भिंतीवर सरपटते. अभ्यासक कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजतात. बटू पाकोळीत ती २५ ते ३० मि.मी. भरते.

३) शेपटी : शेपटी धडापेक्षा थोडी आखूड असते आणि दोन पायांमधील कातडीच्या पडद्यात जवळजवळ टोकापर्यंत गुंतलेली असते. कीटक पकडताना हा पडदा झोळीसारखा वापरला जातो.

४) तोंड, कान व दात : नाक साधे असते, त्यावर पानासारखी कातडी नसते. कानाच्या पुढे एक लहान बोथट पाळी उभी असते. डोळे बारीक. दात ३४ असून ते टोकदार असतात. कीटकाचे कठीण कवच फोडण्यास असे दात उपयोगी पडतात.

५) रंग : पाठ गडद तपकिरी ते काळपट, पोट थोडे फिके. पंख काळपट व जवळजवळ केसरहित.

बटू पाकोळीच्या दोन बहिणी भारतात सर्वदूर आढळतात. कोरोमंडल किनाऱ्यावरून नाव पडलेली 'पिपिस्ट्रेलस कोरोमँड्रा' किंचित मोठी असते. तिचे हाताचे हाड सरासरी ३० मि.मी. भरते. 'पिपिस्ट्रेलस सिलोनिकस' आणखी मोठी असून तिचे हे हाड ३३ ते ४२ मि.मी. असते. बटू आणि कोरोमँड्रा यांची मापे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे नक्की निदानासाठी कवटी, दात आणि नराच्या जननेंद्रियातील सूक्ष्म हाड तपासावे लागते. आपल्याला इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. तिन्ही कीटकभक्षक आहेत, एवढे पुरे.

फळे खाणारे वटवाघूळ कसे ओळखावे?

फळे खाणाऱ्या वटवाघळाचे तोंड कुत्र्यासारखे लांबट आणि डोळे मोठे असतात. कानापुढे पाळी नसते. अंगठ्याबरोबर दुसऱ्या बोटालाही नखी असते. शेपटी नसते किंवा अगदी आखूड असते. वड, पिंपळ, चिंचेवर दिवसा उघड्यावर लटकणारे मोठे वटवाघूळ याच गटातील. त्याच्या पंखांचा विस्तार एक मीटरहून अधिक भरतो. याउलट बटू पाकोळी कवेलूखाली, भिंतीच्या भेगेत, छपराच्या गवतात किंवा झाडाच्या ढोलीत अंग चोरून बसते.

विष्ठेवरूनही खात्री करता येते. बटू पाकोळीची विष्ठा उंदराच्या लेंडीसारखी दिसते. वाळलेली लेंडी काडीने दाबून पाहावी, हाताने धरू नये. ती पाकोळीची असेल तर सहज भुगा होतो आणि त्यात कीटकांच्या पंखांचे व कवचाचे चकाकणारे कण दिसतात. उंदराची लेंडी कठीण असते व तिचा असा भुगा होत नाही.

अंधारात शिकार

पाकोळी आंधळी नसते, पण शिकार ती कानाने करते. ती तोंडाने अतिशय उंच स्वराचे आवाज काढते. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. पाकोळीचा आवाज त्याहून वरचा असतो. हा आवाज कीटकावर आदळून परत येतो आणि कीटक किती दूर व कोणत्या दिशेला आहे हे तिला समजते.

सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ती बाहेर पडते. तलाव, बोडी, धुऱ्यावरची झाडे आणि गावातील दिवे यांभोवती घिरट्या घालते. लहान पतंग, भुंगेरे, डास, माश्या, तुडतुडे असे उडते कीटक तिचे खाद्य आहे. आपल्या जिल्ह्यात तलाव-बोड्यांचे जाळे, धानाच्या बांधी आणि जंगल शेजारी-शेजारी आहेत. पाकोळीला पाणी, अन्न आणि निवारा जवळपासच मिळतो.

धानाच्या किडींवर काय परिणाम?

कीटक खाणारी वटवाघळे एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या पाव ते निम्म्या भाराइतके कीटक खाऊ शकतात. तीन ग्रॅमच्या पाकोळीने पाव भार, म्हणजे पाऊण ग्रॅम खाल्ले असे धरू. एका प्रौढ तुडतुड्याचे वजन दोन मिलिग्रॅम धरले, तर हा भार सुमारे ३७५ तुडतुड्यांएवढा होतो. पाकोळी फक्त तुडतुडेच खाते असे नाही. हा हिशेब केवळ अंदाज यावा म्हणून दिला आहे.

परदेशातील दोन अभ्यास येथे सांगण्यासारखे आहेत. स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाजवळील भातशेतीत वटवाघळांसाठी लाकडी खोकी लावण्यात आली. त्यांत बटू पाकोळीच्याच प्रजातीतील एक लहान जाती राहू लागली. तिची संख्या वाढली तसा खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला, असे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. थायलंडमध्ये गुहेत राहणाऱ्या दुसऱ्या एका कीटकभक्षक जातीमुळे पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यापासून दरवर्षी सुमारे २९०० टन भाताचे नुकसान टळते, असा अंदाज २०१४ साली मांडण्यात आला.

मात्र मर्यादाही लक्षात घ्यावी. पाकोळी उडता कीटक पकडते. खोडात शिरलेली अळी किंवा चुडाच्या बुंध्याशी बसलेली तुडतुड्याची पिले तिच्या हाती लागत नाहीत. म्हणून बांधीचे निरीक्षण सोडू नये. ५ टक्के गाभेमर, ५ टक्के चंदेरी पोंगे किंवा चुडात १० तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी आढळल्यास शिफारशीप्रमाणे उपाय करावेत. पाकोळी ही एकात्मिक कीड व्यवस्थापनातील बिनपगारी मदतनीस आहे, एकमेव उपाय नव्हे. गरज नसताना केलेली फवारणी तिचे अन्न हिरावते आणि विषारी कीटक तिच्या पोटात जातात, ते वेगळेच.

हानी भरून का निघत नाही?

नागपूरला वटवाघळांच्या प्रजननावर दीर्घकाळ काम केलेले प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील बटू पाकोळीच्या प्रजननाचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. ही पाकोळी वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा विते आणि बहुधा एका वेळी दोन पिले देते. उंदीर किंवा किडीच्या मानाने ही संख्या फार थोडी आहे. छपराखाली धूर केला तर मोठ्या पाकोळ्या उडून जातात, पण न उडणारी पिले आतच मरतात.

आरोग्याची काळजी

वटवाघळांपासून रोग होतात का, हा प्रश्नही रास्त आहे. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने २०२० साली घेण्यात आले. त्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या जातींमध्ये पिपिस्ट्रेलस प्रजातीतील एक जाती होती. याचा अर्थ पाकोळी मारून टाकावी असा नाही. मारताना व हाकलताना उलट तिच्याशी संपर्क वाढतो. पुढील नियम पाळावेत.

१) जिवंत वा मेलेली पाकोळी उघड्या हाताने उचलू नये. मुलांना तसे बजावून सांगावे.
२) चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे.
३) घरात शिरल्यास दिवा मालवून खिडक्या-दारे उघडी ठेवावीत. ती आपोआप निघून जाते.
४) विष्ठा कोरडी झाडू नये. तोंडावर फडके बांधून, पाणी शिंपडून गोळा करावी.
५) धान्याची कोठी व पाण्याचे माठ झाकून ठेवावेत. कोठीच्या वरच पाकोळ्या राहत असल्यास खाली ताडपत्री बांधावी.
६) फट बुजविणे भागच असेल, तर आत पिले नाहीत याची खात्री करून, रात्री सर्व पाकोळ्या बाहेर पडल्यावरच बुजवावी.
७) धुऱ्यावरची जुनी, ढोली असलेली झाडे शक्यतो तोडू नयेत.

सारस पक्ष्याचे घरटे बांधीत दिसले, तर तेवढा तुकडा सोडून काम करणारे शेतकरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. पाकोळीसाठी तेवढाही त्याग करावा लागत नाही. एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर अर्धा तास अंगणात बसा आणि आपल्या कवेलूखालून किती पाकोळ्या बाहेर पडतात ते मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा. रोवणीनंतर आणि धान निसवताना पुन्हा मोजा. आपल्या बांधीवर रात्रपाळीला कोण जाते, याची नोंद आपल्याकडे असलेली बरी. त्यानंतर धूर करायचा की नाही, हे तुमचे तुम्हीच ठरवाल.