अर्ध्या तासाचा रियाज



तबला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार वारंवार कानी येते : शिकण्याची हौस आहे, पण वेळ कोठून आणावा? सकाळी शिकवणी, दिवसभर शाळा, सायंकाळी गृहपाठ. त्यातच आपल्या कॅम्पातील कित्येक घरे एकमेकांस लागून; रात्री डग्ग्यावर थाप पडली की शेजारच्यांची झोप मोडते. ही तक्रार खोटी नाही. जुन्या उस्तादांच्या परंपरेत ‘चिल्ला’ असे. चाळीस दिवस इतर सारे व्यवहार बाजूस सारून साधकाने केवळ रियाज करावयाचा. दहावीच्या विद्यार्थ्याला असा चिल्ला कसा परवडणार?

मग त्याने तबला सोडावा काय? मुळीच नाही. दिवसाकाठी अर्धा तास मिळत असेल तरी पुष्कळ साधते. मात्र तो कसा खर्चावा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम थोडे गणित करू. सेकंदाला एक मात्रा धरली, तर १६ मात्रांच्या त्रितालाचे एक आवर्तन १६ सेकंदांत पुरे होते. दहा मिनिटांत ६०० मात्रा, म्हणजे साडेसदतीस आवर्तने होतात. आता सर्वांच्या परिचयाचा दिल्लीचा कायदा घ्या : धा धा ति ट, धा धा तूं ना, ता ता ति ट, धा धा धिं ना. हे १६ बोल दुगुणीत वाजविले की कायदा ८ मात्रांत बसतो. अर्थात दहा मिनिटांत तो ७५ वेळा वाजेल आणि त्यातील ‘तिट’ १५० वेळा येईल.

येथेच खरी मेख आहे. घाईने वाजविताना ‘तिट’मधील ‘ट’ बहुधा गिळला जातो. तसे झाले, तर आपण दहा मिनिटांत एक चूक १५० वेळा घोटली! हाताला बरे-वाईट कळत नाही. जे पुन्हा पुन्हा करावे तेच तो शिकतो. ज्याच्याजवळ वेळ थोडा, त्याला चुकीचे वळण मोडण्यासाठी आणखी महिनाभर घालविणे मुळीच परवडणारे नसते. म्हणून थोड्या वेळात रियाज करणाऱ्याने इतरांहून सावकाश वाजवावे.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. सैन्यात नव्या जवानाला कवायत शिकविताना प्रत्येक हालचालीचे तुकडे पाडून ती मोजणीवर शिकवितात. तुकडे पक्के झाल्यावरच हालचाल सलग होते. हीच रीत कायद्याला लावावी. अडणारा ‘तिट’ वेगळा काढावा आणि मात्रेला एक बोल या लयीत तो वाजवावा. दिल्लीच्या पद्धतीत ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने वाजतो. आपल्या गुरुजींची रीत निराळी असेल, तर तीच पाळावी. दोन्ही बोल सारखे स्पष्ट ऐकू आले, की मागचा ‘धा’ जोडावा, मग पुढचा, आणि शेवटी पूर्ण कायदा घ्यावा. सलग पाच आवर्तने निर्दोष आल्यावाचून लय वाढवू नये.

अर्ध्या तासाची वाटणी साधारण अशी करावी. पहिली पाच मिनिटे ना, ति, धा, गे असे सुटे वर्ण स्वच्छ काढण्यास द्यावीत. पुढील दहा मिनिटे अडणाऱ्या तुकड्यास द्यावीत. त्यानंतरची दहा मिनिटे कायदा व त्याचे एक-दोन पलटे वाजवावेत. शेवटची पाच मिनिटे केवळ ठेका धरावा. ठेक्याला कमी लेखू नये. स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवातील भजनात गाणारा मुलगा समेवर येतो तो तुमच्या ठेक्याच्या भरवशावर. तो ढळला, तर तुमच्याबरोबर त्याचेही गाणे फसते.

उरलेल्या साडेतेवीस तासांतही तबला दूर राहत नाही. बोल तोंडाने म्हणण्यास ‘पढंत’ म्हणतात. उस्ताद झाकिर हुसेन यांनी आपल्या बालपणाविषयी सांगितले आहे की, वडील उस्ताद अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनच्या सुमारास उठवीत आणि दोघे तासन्‌तास बोल म्हणत बसत. शाळेच्या वाटेवर पावलाला एक मात्रा धरा; सोळा पावलांत त्रिताल होईल. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पाऊल तसेच ठेवून तोंडाने दुगुण म्हणा, मग तिगुण. रस्त्यावर वाहनांकडे मात्र लक्ष असू द्या!

लयीला वाद्यावाचूनही साधता येते, याचे थोर उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले. ‘लयभास्कर’ म्हणून विख्यात असलेले खाप्रूमामा पर्वतकर हाता-पायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखवीत, आणि थोर थोर गवई ते पाहून चकित होत. १९५३ साली ते निवर्तले. परंतु लय प्रथम मनात वसते, मग बोटांत उतरते, हा त्यांचा धडा आजही ताजा आहे. रात्री आवाज करता येत नसेल, तेव्हा मांडीवर किंवा घडी केलेल्या घोंगडीवर बोटांचा क्रम बसवावा. तबल्याचा नाद त्यातून साधणार नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या तासातील पाच मिनिटे निश्चित वाचतील.

आणखी एक पथ्य. सहा दिवस तबल्याला न शिवता रविवारी सलग तीन तास बसणारा विद्यार्थी पहिला तास गेल्या आठवड्याचे विसरलेले आठवण्यातच घालवितो. रोज अर्धा तास बसणाऱ्याचेही सहा दिवसांचे तीनच तास होतात, पण त्याला काल सोडलेला धागा आज लगेच हाती येतो. वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे : मुलाचा हा अर्धा तास रोज एकाच वेळी त्याला मिळू द्यावा आणि त्या वेळी त्याला दुसरे काम सांगू नये. एवढे घडले, तर वर्षअखेरीस त्या घरातील तबल्याचा आवाज शेजारीही कौतुकाने ऐकतील.