कपाळावरची राख

मी गोखिवऱ्याला राहतो. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांचं कॅथलिक; पण आडनावावरून कुणाला ते कळत नाही. वसईतल्या लोपीस-डाबरेंना ही पळवाट नाही. मला होती, आणि ती मी सहा वर्षं वापरली.

राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा आटोपून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन शेअर रिक्षाने वसई रोड गाठायचो. पुलाच्या पायऱ्या चढतानाच रुमालाने कपाळ पुसायचो. घामाने राख आधी पसरायची, मग दोन-तीनदा घासावं लागायचं. लोकलमध्ये भजनी मंडळ टाळ वाजवत असायचं, कपाळाला ठसठशीत बुक्का. मी खिशातला काळा पडलेला रुमाल दाबून उभा. ऑफिसात कुणी "आज उपास का?" म्हणालं, की माझं उत्तर ठरलेलं, "पोट बिघडलंय."

"धर्म बदलायचे किती मिळाले?" असं कुणी विचारेल, ही धास्ती. सहा वर्षांत कुणीही विचारलं नाही.

शेजारच्या टेबलावर एक माळकरी काका होते. आषाढीला आठवणीने प्रसाद द्यायचे. त्यांची पत्नी कॅन्सरने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी रोज रात्री तिच्यासाठी जपमाळ म्हणायचो. काकांना मात्र एवढंच म्हणायचो, "होईल सगळं ठीक." ती गेली. वर्षभराने माझ्या आईच्या दफनाला काका आले आणि पेटीवरचा क्रूस पाहून थबकले. निघताना म्हणाले, "अरे, तुमच्यात आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात ना? हिला तेवढाच धीर आला असता." मला उत्तर देता आलं नाही.

श्रद्धा लपवणारा मी एकटा नव्हे; कवी नारायण वामन टिळकांनीही आधी निनावी लिहिलं होतं. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला, आप्तांचा रोष आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा विरह पत्करून. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये श्रद्धेपायी नागासाकीत क्रुसावर मेला. मला फार तर कुणाच्या भुवया उंचावलेल्या दिसल्या असत्या.

नवीन नोकरीवर जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे, पहिल्याच आठवड्यात कळू द्या. भाषण नको, वाद तर नकोच. डबा उघडताना क्रुसाची खूण करा, बस्स. दिवस गेले की तोंड उघडणं जड जातं, कारण मग आधीच्या थापाही कबूल कराव्या लागतात. कुणी टोचून बोललं तर शांतपणे खरं ते सांगा. आपला धर्म उघडपणे मानायचा हक्क संविधानाच्या कलम २५ ने दिलाय. घरच्यांना तुमचा धर्म मान्य नसेल आणि मारहाणीचीच भीती असेल, तर मात्र एकट्याने धाडस करू नका, आधी धर्मगुरूंशी बोला. आणि कुणाच्या घरी आजारपण असेल, तर त्यांना विचारा, "मी प्रार्थना करू का?" मला आजवर कुणीही नको म्हटलेलं नाही.

येत्या राखेच्या बुधवारी वसई रोडचा पूल चढाल, तेव्हा रुमाल खिशातच राहू द्या.