जबड्याचे बळ

कोल्हापूर संस्थानात एके काळी चित्ते पाळले जात असत. राजर्षी शाहू छत्रपती १८९४ ते १९२२ या काळात गादीवर होते. त्यांना चित्त्यांच्या साहाय्याने शिकार करण्याची मोठी आवड होती. त्यांच्यामागे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत आफ्रिकेतूनही चित्ते आणविण्यात आले. चित्त्यांची निगा राखणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. चित्तेवान चित्त्याचे डोळे झाकून त्याला गाडीतून माळावर नेई. काळविटांचा कळप दृष्टीस पडताच डोळ्यांवरचे आवरण दूर केले जाई आणि चित्ता बाणासारखा सुटे.

काळवीट खाली पडले, की चित्ता त्याचा गळा जबड्यात पकडी व तसाच धरून राही. एवढ्या चपळ प्राण्याला एका चाव्यात भक्ष्य का मारता येत नसावे? याचे उत्तर त्याच्या जबड्याच्या रचनेत आहे.

जबड्याचे काम पुष्कळसे अडकित्त्यासारखे चालते. अडकित्त्याच्या टोकाशी धरलेली सुपारी सहसा फुटत नाही. परंतु तीच सुपारी दोन पात्यांच्या सांध्याजवळ सरकवली, की थोड्या जोरानेही ती दुभंगते. म्हणूनच मनुष्य कठीण पदार्थ पुढच्या दातांनी न फोडता दाढेखाली धरतो. तरसही हाडे फोडते ती मागच्या जाड दातांनीच.

सांध्याइतकेच महत्त्व स्नायूंना आहे. कानशिलांवर बोटे टेकवून दात घट्ट आवळले असता कातडीखाली एक स्नायू टणक झालेला जाणवतो. जबडा मिटणाऱ्या स्नायूंपैकीच तो एक होय. बिबट्याचे हे स्नायू इतके बळकट असतात, की जड भक्ष्य जबड्यात धरून तो झाडावर चढतो.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आढळतात. मगरीचा जबडा मिटणारे स्नायू प्रचंड असतात. मात्र तो उघडणारे स्नायू अगदी दुबळे असतात. त्यामुळे मगर पकडणारे जाणकार तिचा मिटलेला जबडा साध्या दोरीनेही बांधून ठेवू शकतात. मगरीच्याच कुळातील खाऱ्या पाण्यातील मगरीच्या चाव्याचा जोर शास्त्रज्ञांनी मोजला असून तो १६,००० न्यूटनहून अधिक भरला. सोळा क्विंटल वजनाचा भार एका जागी पडावा, तसा हा जोर होय. तरीही मगरीला अन्न चावून बारीक करता येत नाही. ती त्याचे लचके तोडून गिळते.

याउलट राधानगरीच्या अभयारण्यातील गवा पाहावा. एवढा धिप्पाड प्राणी, पण त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात! तो जिभेने गवत ओढून घेतो आणि जबडा आडवा फिरवून, जात्यावर दळावे तसे, ते दाढांनी रगडतो. भक्ष्य पकडण्याची त्याला गरजच नाही.

आता चित्त्याकडे वळू. त्याचे शरीर वेगासाठी घडलेले आहे. डोके लहान व हलके, नाकाची पोकळी मोठी, सुळे मात्र आखूड. धावून धाप लागली असतानाही तो भक्ष्याचा गळा दाबून धरतो आणि नाकाने श्वास घेत राहतो. काही मिनिटांत भक्ष्य गुदमरून मरते. मात्र तरस किंवा सिंह चालून आल्यास चित्ता बहुधा झुंजत नाही. कष्टाने मिळवलेले भक्ष्य सोडून तो निघून जातो. वेग मिळाला, पण त्याची किंमत त्याला बळाने द्यावी लागली.

मनुष्यापुढे तर त्याचा वेगही व्यर्थ ठरला. पाळलेल्या चित्त्यांना पिले क्वचितच होत. म्हणून रानातले चित्ते पुनःपुन्हा पकडले गेले. कित्येकांची शिकार झाली. मोकळी माळरानेही नांगराखाली गेली. अखेर १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

निसर्गाने प्रत्येक प्राण्याला त्याच्या जीवनक्रमाला साजेल असा जबडा दिला आहे. परंतु ते जीवन जगण्यास लागणारे रान व माळ राखणे हे मनुष्याच्याच हाती आहे.

स्वाध्याय
१. कठीण पदार्थ दाढेखाली का धरतात?
२. मगर व गवा यांच्या जबड्यांतील फरक सांगा.
३. ‘वेगाची किंमत बळाने द्यावी लागली’ याचा अर्थ स्पष्ट करा.