जंगम मिळकतीतील तीन जीव

आप्ताच्या निधनानंतर स्थावराची वाटणी होते, जंगमाची होते, क्वचित देवघरातील टाकांचीही होते. परंतु उंबऱ्यापाशी पाय पसरून पडलेला आणि ज्याचे खाणेपिणे, झोपणे गेलेल्या माणसाच्या दिनक्रमाशी बांधलेले आहे अशा जीवाचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा तेरावा उरकल्यावर, परतीच्या गाडीची वेळ झाली असता, जोडे घालता घालता विचारला जातो. नाशिकचे आमचे अण्णाकाका आजन्म अविवाहित होते. त्यांच्या पश्चात खंड्या नावाचा जख्ख म्हातारा कुत्रा, एक भाटी आणि पिंजऱ्यातला राघू एवढे जीव उरले. कुत्रामांजर ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच. मात्र पितळी भांड्यांवरून हमरीतुमरीवर आलेल्या आम्हा पुतण्यांपैकी या मालमत्तेवर हक्क सांगावयास कोणी पुढे सरसावला नाही.

अशा प्रसंगी एक तोडगा हमखास निघतो, आणि माझ्या मते सर्वांत अनिष्ट तोच : कोणाच्या तरी शेतावर सोडावे, मोकळ्या हवेत सुखाने राहील. सुचविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरवे रान असते. कुत्र्याच्या वाट्याला येते ती अनोळखी साखळी आणि त्या बांधावर आधीपासून सत्ता गाजविणाऱ्या तरण्या कुत्र्यांची टोळी. एका चुलतबंधूंनी खंड्याची अशीच सिन्नरकडे रवानगी केली. पुढे मी तेथे गेलो तेव्हा तो बाजेखाली भिंतीकडे तोंड करून पडला होता, एक कान फाटला होता आणि भाकरीला त्याने तोंडही लावलेले नव्हते. मी त्याला परत घेऊन आलो. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज घरी परतण्याच्या रिक्षाभाड्याहूनही कमी.

दुसरी सूचना पांजरपोळाची आली. मुंबईत भुलेश्वरी १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी पांजरपोळ उभारला, त्यामागे मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध १८३२ साली उसळलेला प्रक्षोभ होता. ती परंपरा आदरणीय खरीच. तथापि दृष्टी मंदावलेल्या, आयुष्यभर एकाच माणसाच्या खाटेशेजारी निजलेल्या जनावराला शेकडोंच्या कोलाहलात नेऊन टाकणे हा मला, अन्य मार्ग उरला असेपर्यंत तरी, दयेचा प्रकार वाटत नाही.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना माझे पहिले सांगणे असे की, पशुवैद्याने तपासल्यावाचून कोणताही निर्णय करू नये. खंड्या नकोसा झाला होता तो मुख्यतः चावरा म्हणून. जबड्याजवळ हात नेला की तो अंगावर येई, आणि म्हातारपणी डोके फिरले, असे सर्वांनी एकमुखाने ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले तर मागची दाढ मुळापर्यंत किडून तिच्याखाली पू साचलेला, शिवाय मागचे सांधे आखडलेले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाढ काढली, सांध्यांचे औषध सुरू झाले, आणि त्याचा तथाकथित दुःस्वभाव पंधरवड्यात निवळला. रात्री घरभर फेऱ्या घालणे, घरातच लघवी करणे, माणूस न ओळखणे यांत काही अंश मेंदूच्या वार्धक्याचा असतो; परंतु बराचसा भाग मूत्रपिंडाच्या विकाराचा, वेदनेचा किंवा निव्वळ न दिसण्या-ऐकण्याचा असतो, आणि त्यातल्या पुष्कळशा गोष्टींवर उपाय चालतो. मात्र घरातील माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. तापावरची साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. तसेच मांजराने अन्न वर्ज्य केले तर ते शोक करीत आहे असे म्हणून दोनतीन दिवस वाट पाहत बसू नये. विशेषतः लठ्ठ मांजराचे यकृत तेवढ्या उपवासाने बिघडू लागते.

भाटी वाटीमागून वाटी पाणी पीत असे आणि तरी वाळत चालली होती. तिची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. औषधांनी काही काळ रेटला; पुढे तिला मान उचलवेना, तेव्हा भूल देऊन शांतपणे मरण देण्याचा डॉक्टरांचा सल्ला आम्ही मानला. केवळ अडचण होते म्हणून चालत्या-खात्या जनावरास सुई टोचविणे मला निंद्य वाटते; पण निर्णयाचे ओझे आपल्या माथी नको म्हणून असाध्य यातना लांबविणे, यालाही भूतदया म्हणावयास मी तयार नाही.

आश्रयदाता शोधताना जाहिराती देऊन अनोळखी प्राणिप्रेमी गाठण्यापूर्वी, ज्यांची पावले त्या जनावराला ओळखू येतात अशा माणसांत आधी शोध घ्यावा. खंड्या अखेर काकांकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हवाली झाला, आणि त्याच्या खाण्या-औषधाची दरमहा तजवीज मिळकतीतून करण्यात आली. बरोबर लसीकरणाचा दाखला, औषधांचे टिपण आणि त्याची न धुतलेली गोधडी दिली. ओळखीच्या वासाशिवाय तो कोठेही अंग टाकत नसे.

राघूचा मामला निराळा. आपल्याकडील रानपोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे, आणि वारसाने आला म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. धाकट्या चुलतबंधूंना पिंजऱ्याचे दार उघडून पुण्य पदरात पाडून घ्यावयाचे होते. पण वर्षानुवर्षे पंख न पसरलेला पक्षी उडून लांब जाऊ शकत नाही, त्याला दाणा शोधणे ठाऊक नसते, आणि कावळ्या-मांजरांना तो अनायासे सापडतो. तेव्हा अर्ज लिहून तो वनविभागाच्या स्वाधीन केला व पोच घेतली.

ज्यांच्या घरी आज अशी जनावरे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की, प्राण्याच्या नावे मृत्युपत्राने पैसा ठेवता येत नाही. तो सांभाळ करणाऱ्या माणसाच्या नावे, त्याची संमती आधी घेऊन, ठेवावा लागतो. काकांनी यापैकी काहीच लिहून ठेवले नव्हते. त्यामुळे अंत्यविधीच्या खर्चाप्रमाणेच जनावरांचा खर्चही वाटणीपूर्वी वजा करावा, असा आग्रह मी धरला. सिन्नरवाल्या बंधूंनी त्यावर लेखी हरकत घेतली असून, खंड्याच्या दाढेची रक्कम हिशेबात अद्याप वादग्रस्त म्हणून दाखविलेली आहे.