गाळा किंवा गोदाम भाड्याने देताना करारपत्रातील अटी

तालुक्याच्या गावी अथवा बाजार समितीच्या आसपास ज्या शेतकऱ्यांची जागा आहे, त्यांपैकी पुष्कळजण शेतीच्या उत्पन्नातून शिल्लक टाकून एखादा गाळा किंवा गोदाम बांधतात व ते भाड्याने देतात. पीक बुडालेल्या वर्षी या भाड्याचा संसारास मोठा आधार होतो. परंतु बांधकामाच्या वेळी विटा, सिमेंट व पत्रे यांची जेवढी पारख केली जाते, तेवढी करारपत्राची केली जात नाही. पुढे भाडे थकले किंवा जागा परत हवी झाली म्हणजे या दुर्लक्षाचे परिणाम भोगावे लागतात.

अकरा महिन्यांचा गैरसमज

करार अकरा महिन्यांचा केला व त्यावर नोटरीचा शिक्का घेतला की नोंदणीची जरुरी नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली. अकरा महिन्यांचा करार तीतून सुटत असे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आल्यापासून स्थिती पालटली आहे. ज्या क्षेत्रांतील जागांना हा अधिनियम लागू आहे, तेथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावयास पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. समजा, भाडे दरमहा ६,००० रुपये ठरले आणि भाडेकरू ४,००० रुपयेच ठरल्याचे सांगू लागला; तर ६,००० रुपये ठरले होते हे शाबीत करण्याचा भार मालकावर पडतो. आपले गाव या अधिनियमाच्या क्षेत्रात येत नसले तरी नोंदणी करून घेणेच हिताचे होय.

करारात कोणत्या अटी असाव्यात?

१. उपयोग : जागा कशासाठी दिली ते स्पष्ट लिहावे. रासायनिक खते ओलावा शोषून घेतात व त्यांतील क्षारांमुळे पत्रे, लोखंड व फरशी खराब होते. धान्यासाठी दिलेल्या गोदामात विनासंमती खते ठेवू नयेत, अशी अट घालावी.

२. भाडे व वाढ : भाडे अंकी व अक्षरी लिहावे. दरसाल शेकडा ५ वाढ ठरल्यास ६,००० रुपयांचे भाडे दुसऱ्या वर्षी ६,३०० व तिसऱ्या वर्षी ६,६१५ रुपये होते. हे आकडे करारातच मांडावेत.

३. अनामत : रक्कम किती, ती केव्हा परत करावयाची व तीतून कोणती वजावट करता येईल, हे नमूद करावे.

४. दुरुस्ती व देणी : गळके छप्पर कोणी दुरुस्त करावे, वीजबिल व घरपट्टी कोणी भरावी, याची वाटणी लिहावी.

५. पोटभाडे : मालकाच्या लेखी संमतीवाचून जागा दुसऱ्यास देता येणार नाही, असे लिहावे.

६. मुदत व सूचना : प्रारंभ व समाप्ती यांच्या तारखा, तसेच मुदतीपूर्वी जागा सोडावयाची अथवा परत घ्यावयाची असल्यास किती दिवस आधी लेखी सूचना द्यावी, हे ठरवावे.

दोन्ही पक्षांचे हित

दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा. जागा ताब्यात देते वेळी दारे, वीजमीटर व फरशी यांच्या स्थितीची यादी करून तीवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. भाड्याची पावती दरमहा द्यावी. हंगामापुरते गोदाम भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यासही असाच करार उपयोगी पडतो, कारण त्याचा माल ठेवलेला असताना ऐन भावाच्या वेळी जागा सोडण्याची पाळी त्यावर येत नाही. ओळखीच्या माणसाकडून कागद कसा लिहून घ्यावा, असा संकोच पुष्कळांना वाटतो. परंतु अटी आधी लिहून ठेवल्या म्हणजे वादास जागा उरत नाही आणि ओळखही टिकते.