हिवतापाच्या दोन जाती

मंडळी, सगळा हिवताप एकसारखा नसतो. आपल्याकडे त्याच्या मुख्य जाती दोन.

पहिली व्हायव्हॅक्स. तिचे जंतू यकृतात दडून बसतात. काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांनी दिलेल्या 14 दिवसांच्या गोळ्या पुऱ्या घ्याव्यात.

दुसरी फाल्सिपेरम. गडचिरोलीच्या जंगलभागात हीच जास्त. ही फार घातकी. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रोगी बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. लहान मुले व गरोदर बाया यांना धोका अधिक. कधी कधी पहिली जातही जिवावर बेतते.

अंगाला हात लावून जात ओळखता येत नाही. ती रक्ताच्या थेंबात कळते. म्हणून ताप आला, की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या. झटके आले तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.