कोकरू परवडत नसेल तर

आई-बाबांनो, आगमनकाळ सुरू झाला की धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या गप्पांचा नूरच बदलतो. कुणाला सायकल हवी असते, कुणाला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ. मध्यरात्रीच्या मिस्सेला कोण काय घालणार, यावर पैजा लागतात. आणि त्याच दिवसांत तुमच्यातलं कुणी ना कुणी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळतं आणि हळूच म्हणतं, ‘टीचर, यंदा जरा ओढाताण आहे, पण पोराचं मन मोडवत नाही.’ वसईत राहून मी हे दरवर्षी ऐकते. म्हणून आज मोकळेपणाने बोलते.

लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया यरुशलेमच्या मंदिरात गेले. बाळंतपणानंतर आईने एक कोकरू अर्पण करावं, सोबत एक पक्षी द्यावा, असा मोशेचा नियम होता. पण लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याच नियमाला पुस्ती जोडलेली आहे : कोकरू परवडत नसेल, तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. लूकने नोंदवलं आहे ते हेच गरिबाचं अर्पण. कोकराचा उल्लेखही नाही. ज्या कुटुंबाच्या मूर्ती आपण गोठ्यात मांडतो, त्या कुटुंबाने ऐपत पाहून दिलं, आणि ते लपवावं असं लूकलाही वाटलं नाही.

मग आपल्याला कोकराचा एवढा सोस का? फोनवर ‘आता घ्या, नंतर भरा’ असं दिसलं की बोट दाबलं जातं. जानेवारीत कार्डाचं बिल येतं आणि रात्री दार लोटून आई-बाबा कुजबुजत भांडतात. मुलं जागी असतात हो! ‘यंदा सायकल जमणार नाही’ हे वाक्य मूल पचवतं. दोन दिवस रुसेल, मग विसरेल. ती दाराआडची कुजबुज मात्र त्याच्या मनात घर करते.

त्यापेक्षा एक वही घ्या आणि मुलांना शेजारी बसवा. यंदा नाताळासाठी हातात किती पैसे आहेत, तो आकडा सरळ वर लिहा. पहिली ओळ दानाची ठेवा. सगळी खरेदी उरकून जे उरेल ते देऊ म्हटलं, तर काही उरत नाही, हा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे. त्याखाली कपडे, फराळ, भेटवस्तू. कुठे कात्री लावायची हे मुलांनाच विचारा. कुलकुल आणि करंज्या विकत आणण्याऐवजी घरी करू, असं बहुतेक तीच सुचवतील, कारण पिठाचे गोळे काट्यावर दाबून वळायला त्यांना मनापासून आवडतं.

गोठ्याचंही तेच. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाण मांडली, तेव्हा गवत, एक बैल आणि एक गाढव एवढंच साहित्य होतं. आपल्याकडे स्पर्धेच्या नादात गोठ्यावर हजारो रुपये जातात, हे मला पटत नाही. पसरट थाळीत मूठभर नाचणी पेरा. मुलांना रोज पाणी शिंपडू द्या. पहिले दोन दिवस काही दिसत नाही, मग पांढरे मोड येतात, आणि आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं गवत उभं राहतं. तेच गोठ्यासमोर ठेवा.

देण्याबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचं आहे. गरजूंसाठी तुम्ही पाठवलेल्या पिशव्या आम्ही मुलांसोबत उघडतो. अर्धी रंगवलेली चित्रकलेची वही निघते, चेन तुटलेलं दप्तर निघतं. एका पिशवीतून तीन चाकांची मोटार निघाली. आठवीतल्या एका मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘टीचर, ही त्यांनी स्वतःच्या भावाला दिली असती का?’ वर्गात कुणी हसलं नाही. घरातली अडगळ काढणं चांगलंच, पण त्याला दान म्हणू नका. मुलाला त्याच्या आवडीची एक चांगली वस्तू द्यायला सांगा. देताना त्याचा चेहरा थोडा पडला, तर पडू द्या.

आणि कृपा करून घेणाऱ्याच्या हातात पिशवी देऊन त्याचा फोटो काढू नका. सांताक्लॉजच्या मागे ज्यांची कथा आहे ते संत निकोलस मायरा गावचे बिशप होते. मुलींच्या हुंड्यापायी हतबल झालेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. रात्री टाकल्या, ते घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून.

आगमनचक्रावरची पहिली मेणबत्ती आपण आशेची म्हणून पेटवतो. या चक्राचा उगम मुलांना ठाऊक नसतो. तो त्यांना जरूर सांगा. जर्मनीत हाम्बुर्ग इथे योहान विखर्न नावाचे पाळक निराधार मुलांचं वसतिगृह चालवत. ‘नाताळ कधी?’ म्हणून मुलं रोज भंडावत. 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या तांबड्या. रोज एक जास्त पेटायची. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्या पोरांना वाट पाहण्यातली गोडी अशी मिळाली. आपल्या मुलांना मागितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात मिळते. वाट पाहायची वेळच आली नाही, तर ती आशा धरायला शिकणार कुठे? मागितलेली एखादी वस्तू मुद्दाम पुढच्या नाताळावर ठेवा आणि त्यासाठी डबा करून त्यात मुलाला महिन्याला थोडं टाकू द्या.

शेवटची एक विनंती. दिवाळीनंतर वाडा, भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबं मुलाबाळांसह राहायला येतात. डिसेंबरात त्यांच्याकडे केक आणि ब्लँकेटं घेऊन जाणारे पुष्कळ असतात. जानेवारीत कुणी फिरकत नाही, आणि ती माणसं पावसाळा जवळ येईपर्यंत तिथेच असतात. तुमच्या वहीतल्या पहिल्या ओळीचे थोडे पैसे फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, आणि त्या वेळी मुलांना सोबत न्या.